गाळ्याच्या छतातले दिवे हे मशिनचेच अंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिकडेतिकडे रंगाचे डबे दिसू लागतात. खंडेनवमीला मशिनची पूजा असते, त्याआधी गाळा झाडून, जळमटे काढून, भिंतींना हात मारून घ्यायचा ही इथली जुनी रीत. अलीकडे त्यात छताची भर पडली आहे. स्लॅबचे पोपडे दिसू नयेत, पत्र्याची धग खाली येऊ नये म्हणून पीव्हीसीच्या पट्ट्यांचे किंवा जिप्समचे सीलिंग मारले जाते. सीलिंगवाला जातो, रंगारी जातो, आणि सगळ्यांच्या शेवटी वायरमनला फोन येतो, “मामा, आता दिवे बसवून द्या.” मी परवानाधारक वायरमन आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागातल्या लहान कारखान्यांची आणि गॅरेजची फिटिंग करण्यातच माझे आयुष्य गेले. छत बंद झाल्यावर आलेल्या या फोनमुळे पुढे जे काही होते ते रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वर्कशॉपच्या छतातले दिवे ही दुकानासारखी सजावट समजून लावले जातात. खरे तर ते त्या दिव्यांखाली चालणाऱ्या लेथचे, ड्रिलचे, ग्राइंडरचे अंग आहेत. मशिन बसवताना पाया, लेव्हल, अर्थिंग यांचा जेवढा विचार होतो, तेवढाच वरच्या दिव्यांचा आणि त्यांच्या तारांचा व्हायला हवा.

एका जॉबवर्क करणाऱ्या गाळ्यात मला बोलावले होते. तक्रार अशी की मधल्या ओळीतले दिवे लुकलुकतात. मालक तरुण, मन लावून काम करणारा मुलगा. पीव्हीसीचे सीलिंग नवेकोरे होते. मी भिंतीकडच्या दोन पट्ट्या सरकवून वर डोकावलो. मेन बोर्डापासून एक वायर तशीच मोकळी सीलिंगच्या सांगाड्यावर टाकलेली होती. प्रत्येक दिव्यापाशी ती सोलून, पीळ मारून, त्यावर टेप गुंडाळलेली. एका सांध्याची टेप सुटून वितळली होती आणि त्याखालची पट्टी वरच्या बाजूने तपकिरी पडली होती. खालून बघणाऱ्याला पांढरेशुभ्र छत दिसत होते. सगळी फिटिंग नव्याने करावी लागेल म्हटल्यावर मालक म्हणाला, “आता सीलिंग कोण उचकटणार मामा? वरनंच वायर सोडा की.” त्याला मी ती पट्टी हातात दिली. मग त्यानेच माणूस बोलावून सीलिंग उतरवले.

पिळाच्या सांध्यात असे का होते, हे मालक मंडळींनी समजून घ्यावे. सांधा ढिला असला की तेवढ्याच जागी विरोध वाढतो आणि तेवढीच जागा तापते. तापली की तांब्यावर काळपट थर चढतो, पकड आणखी सुटते, पुन्हा ताप वाढतो. यात प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या बटणाला, काही कळत नाही. ती जादा प्रवाहावर आणि शॉर्टवर पडते, ढिल्या सांध्यावर पडत नाही. वर्कशॉपमध्ये तर प्रेसच्या ठोक्याने आणि मशिनच्या थरथरीने चांगला आवळलेला स्क्रूसुद्धा सैल होतो. म्हणून सांधा कुठे असावा याला महत्त्व आहे. तो वायरिंगच्या डब्यात असावा, डब्याला झाकण असावे, आणि ते झाकण शिडी लावून, पेचकस घेऊन उघडता आले पाहिजे. सीलिंगच्या वर, जिथे हात पोचत नाही तिथे एकही सांधा नको. शक्य असेल तिथे सांधाच करू नये. दिव्याच्या कनेक्टरमध्ये किंवा सीलिंग रोजमध्ये (छतावरच्या जोडणीच्या गोल डबीत) वायर आणावी आणि तिथूनच लूप करून पुढच्या दिव्याला न्यावी. वायर थोडी जास्त लागते, पण मधे सांधा राहत नाही. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून मगच ते स्क्रूखाली घालावे, सुट्या तारा पिळून घालू नयेत.

छत आधीच पूर्ण झालेले असेल तर काय करावे, हे छत कशाचे आहे त्यावर ठरते.

आरसीसी स्लॅब असेल आणि ओतताना पाइप टाकलेले नसतील, तर पाइप आत घालण्यासाठी स्लॅबला झिरी (खाच) मारायचा मोह टाळा. स्लॅबच्या सळीखाली काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटरच्या आसपास असते आणि आपला पाइपही तेवढ्याच जाडीचा. म्हणजे झिरी सळईपर्यंत जाणारच. पुढे ओल पोचते, सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे तुकडे खाली पडू लागतात. वर्कशॉपला कन्सिल (आत दडवलेल्या) फिटिंगची हौस कशाला? सरळ पाइप बाहेरून घ्यावा, दर दोन-अडीच फुटांवर सॅडल मारावे, वळणावर आणि फाट्यावर डबा द्यावा. सरळ रेषेत गेलेला पाइप स्लॅबखाली मुळीच वाईट दिसत नाही. शिवाय पुढच्या वर्षी मशिन इकडचे तिकडे झाले तर दिवा हलवता येतो. केसिंग-कॅपिंगची (वर झाकण बसणारी) पट्टी कोरड्या गाळ्यात चालते. जिथे पाणी, कूलंटचे शिंतोडे किंवा तेलाचा धूर आहे तिथे पाइपच बरा. स्लॅबमध्ये जुने पाइप असतील तर ड्रिल मारण्याआधी पंख्याच्या डब्यापासून भिंतीतल्या बोर्डाकडे जाणारी रेघ डोळ्यांनी आखून घ्यावी. पाइप बहुधा त्याच रेघेत असतो. त्यावर स्क्रूच्या गिट्टीसाठी भोक पाडले की आतली वायर गेली.

पत्र्याच्या शेडमध्ये कैचीच्या (छताच्या लोखंडी सांगाड्याच्या) आणि पर्लिनच्या (पत्रा टेकतो त्या आडव्या पट्ट्यांच्या) आधाराने पाइप न्यावा, पत्र्याला काहीही टांगू नये. पत्र्यातून किंवा लोखंडी पट्टीतून वायर काढायची असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) हवाच. पत्र्याची कड वायरचे कवच हळूहळू कापते, आणि फेज (करंट असलेली तार) कैचीला लागला की सगळी शेड करंट मारते. आणखी एक गोष्ट. साध्या पीव्हीसी वायरचे कवच ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत टिकावे असे धरलेले असते. एप्रिल-मे महिन्यात तापलेला पत्रा आणि खालचे सीलिंग यांच्या मधली कोंडलेली हवा आधीच गरम, त्यात वायरची स्वतःची उष्णता. एलईडीचा ड्रायव्हरही (दिव्याला वीज पुरवणारे सर्किट) त्याच उकाड्यात बसवला की वर्षभरात मरतो आणि दोष कंपनीला दिला जातो. ड्रायव्हर आणि वायर शक्यतो सीलिंगच्या खालच्या अंगाला, मोकळ्या हवेत ठेवा. उंदरांचा त्रासही त्यामुळे कमी होतो.

पीव्हीसीच्या किंवा जिप्समच्या सीलिंगमध्ये दिव्याचे वजन सीलिंगच्या पट्टीवर देऊ नये. वरच्या स्लॅबला किंवा कैचीला रॉड नाहीतर साखळी लावून दिवा तिच्यावर घ्यावा, सीलिंगला फक्त भोक असावे. आणि सीलिंग मारण्याआधी वायरमनला एक दिवस द्यावा. पाइप, डबे, वायर टाकून झाली, तपासून झाली की मग सीलिंगवाल्याने काम सुरू करावे. डब्यांच्या खाली उघडता येणारी झडप ठेवायला त्याला फार खर्च येत नाही, फक्त आधी सांगावे लागते.

आता बटणाविषयी. बटण फेजमध्येच हवे. हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, तरीही बटण न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) घातलेली फिटिंग मला अजून सापडते. दिवा बंद होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट उभे असतात. ट्यूब बदलायला शिडीवर चढलेला पोरगा बटण बंद केल्याच्या भरवशावर हात घालतो. धक्का कदाचित किरकोळ असेल, पण दहा-बारा फुटांवरून तो खाली मशिनच्या बेडवर पडतो. छताच्या कामात विजेच्या धक्क्याइतकाच त्यानंतरचा पडण्याचा धोका असतो, हे मला प्रत्येक मालकाला हात धरून सांगावेसे वाटते. ॲल्युमिनियमच्या शिडीऐवजी लाकडी किंवा फायबरचा घोडा वापरा, खाली एक माणूस धरायला ठेवा, मशिन बंद करा. बोर्डावरचे बटण बंद करून भागत नाही, त्या सर्किटची एमसीबी पाडून तिच्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावा. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. उन्हाच्या उजेडात तो पेटलेला दिसत नाही आणि कधी शेजारच्या वायरच्या प्रभावाने नसलेला फेज दाखवतो. दोन वायर लावलेला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर घ्या. तो आधी चालू सॉकेटवर तपासा, मग कामाच्या जागी लावा, आणि नंतर पुन्हा चालू सॉकेटवर तपासा.

बहुतेक मालकांनी ज्याचा विचारच केलेला नसतो अशी एक गोष्ट मला सविस्तर लिहायची आहे. फिरणारे मशिन दिव्याखाली थांबलेले दिसू शकते.

आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवरची जुनी ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. आता लेथवर जॉब (घडवायची वस्तू) पकडणारा तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांनी, फिरतो आहे असे धरा. सेकंदाच्या शंभराव्या भागात तो बरोबर एक तृतीयांश फेरा घेतो. म्हणजे दर वेळी ट्यूब उजळते तेव्हा एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येऊन उभा असतो आणि चक थांबल्यासारखा दिसतो. १००० आरपीएमला तोच चक सहा जबड्यांचा होऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. १४४० आरपीएमच्या मोटरवर चार आऱ्यांची पुली असेल तर ती सेकंदाला एक फेरा अशा संथ गतीने उलटी फिरताना दिसते. खरी पुली त्याच वेळी सेकंदाला चोवीस फेरे सुलट घेत असते. गजबजलेल्या शॉपमध्ये आजूबाजूच्या मशिनचा एवढा आवाज असतो की आपले मशिन चालू की बंद हे कानाला कळत नाही. टर्नर डोळ्यावर विश्वास ठेवतो आणि चिप काढायला हात पुढे नेतो.

एलईडी आली म्हणजे हा प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटते. चांगल्या ड्रायव्हरची एलईडी जवळजवळ सलग उजेड देते, हे खरे. पण स्वस्तातल्या कित्येक पट्ट्यांमध्ये उजेड सलग ठेवणारा भागच नसतो किंवा अपुरा असतो. अशी एलईडी ट्यूबपेक्षाही वाईट, कारण ट्यूबमधल्या पावडरचा उजेड मधल्या क्षणी थोडा तरी रेंगाळतो आणि एलईडी चटकन विझते. दुकानात तपासायची सोपी रीत आहे. दिवा लावून त्याच्यासमोर पेन्सिल जोरात इकडून तिकडे हलवा. एकच पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला. पाच-सहा वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा लेथवर लावू नका. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला तर स्क्रीनवर सरकणारे काळे पट्टे दिसतात, तीही खूण आहे.

दुसरा उपाय वायरिंगमध्येच आहे. उद्यमनगरातल्या बहुतेक गाळ्यांना थ्री-फेज कनेक्शन असते. शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकले, म्हणजे पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा निळा, पुन्हा लाल, तर एक दिवा मंदावतो त्या क्षणी त्याच्या दोन्ही बाजूंचे उजळलेले असतात आणि मशिनवर उजेडाचा खंड पडत नाही. एखादा फेज गेला तरी सगळा गाळा एकदम काळोखात जात नाही. चालत्या मशिनवर अचानक अंधार होणे म्हणजे काय, ते टर्नरला विचारा.

पण हे काम जाणत्या माणसाचे आहे, कारण त्यात दोन धोके येतात. पहिला, शेजारच्या दोन दिव्यांच्या फेजमध्ये आता ४१५ व्होल्ट आहेत. एकाच डब्यात दोन फेजचे सांधे एकत्र येऊ देऊ नयेत आणि डब्यावर तशी खूण करावी. दुसरा धोका न्यूट्रलचा. काटकसर म्हणून तीन फेजला मिळून एकच न्यूट्रल छतात फिरवतात. तो कुठे सुटला की तिन्ही फेजवरचे दिवे एकमेकांच्या मालिकेत येतात. कमी दिवे असलेल्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकते आणि ती ओळ जळून जाते. मी प्रत्येक फेजच्या सर्किटला बोर्डापासून स्वतंत्र न्यूट्रल आणतो. वायरचे बिल वाढते, तेव्हा मालक कुरकुर करतात. ती कुरकुर ऐकून घेऊनही मी यात माघार घेत नाही.

किती दिवे लागतात याचा हिशोब कुणी करत नाही, अंदाजाने चार लावतात. मध्यम बारकाव्याच्या बेंच आणि मशिनच्या कामाला ३०० ते ७५० लक्स उजेड हवा, असे भारतीय मानक सांगते. लुमेन हे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप, आणि एका चौरस मीटरवर जेवढे लुमेन पडतात तेवढे लक्स. वीस बाय तीस फुटांचा गाळा म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. ५०० लक्स धरले तर मशिनवर २८ हजार लुमेन पोचले पाहिजेत. भिंती, धूळ, दिव्याचे वय यांत बराच उजेड हरवतो, म्हणून दिव्यांतून सुमारे ४६ हजार लुमेन निघायला हवेत. चार फुटी २० वॅटची एलईडी साधारण २००० लुमेन देते. म्हणजे तेवीस-चोवीस दिवे. हा आकडा ऐकून मालक दचकतात, पण त्यांचा एकूण भार ४८० वॅट आहे, एका लहानशा इस्त्रीपेक्षाही कमी. जुन्या नियमाप्रमाणे दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत हवा. चोवीस दिवे तीन सर्किटांत आठ-आठ बसतात, आणि ती तीन सर्किटे तीन फेजवर. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरची एमसीबी प्रत्येकाला पुरते.

दिवे कुठे लावायचे हेही तितकेच महत्त्वाचे. गाळ्याच्या मधोमध एक रेघ मारून दिवे लावले की भिंतीला तोंड करून उभ्या असलेल्या टर्नरच्या पाठीवर उजेड पडतो आणि त्याचीच सावली जॉबवर येते. मग तो वाकून बघतो, डोके चकजवळ नेतो. मशिनची जागा आधी ठरवा, मग दिव्याची ओळ मशिनच्या वर आणि किंचित पुढे घ्या, दुसरी ओळ त्याच्या मागे. दोन्हीकडून उजेड आला की सावली विरते. १९४८ च्या कारखाने कायद्यात उजेडासाठी एक स्वतंत्र कलम, सतरावे, घातले गेले. पुरेसा उजेड हवा, डोळ्यावर तिरीप नको आणि डोळ्यांना ताण येईल किंवा अपघात होईल अशी सावली नको, या गोष्टी कायदा करणाऱ्यांनी त्यात मांडल्या. लहान गाळ्यांना तो कायदा लागू नव्हता, पण टर्नरचे डोळे तर मोठ्या कारखान्यातल्या टर्नरसारखेच असतात.

गॅरेजवाल्यांसाठी थोडे वेगळे. गाड्या धुण्याच्या रॅम्पवर वरचे दिवे पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारे, आयपी ६५ दर्जाचे हवेत आणि त्यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारे बटण) हवीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते. म्हणून बटणे, सॉकेट खाली घेऊ नका, वर घ्या. खड्ड्यात उतरून काम करताना २३० व्होल्टचा होल्डर वायरला लटकवून नेतात, ते मला बघवत नाही. बंदिस्त जागेत हातातला दिवा २४ व्होल्टच्या वर नको, असे त्याच कारखाने कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये होते. २४ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर किंवा बॅटरीवरचा दिवा फार महाग नाही.

आरसीसीबीबद्दल आणखी थोडे. सगळ्या दिव्यांना मिळून एकच लावली तर एका दिव्यातल्या गळतीने सगळा गाळा अंधारात जातो आणि मशिन मात्र चालूच राहते. प्रत्येक सर्किटला वेगळी घ्यावी. मेन बोर्डाजवळ बॅटरीवरचा एक इमर्जन्सी दिवा कायमचा असावा. धातूच्या प्रत्येक दिव्याला हिरवी अर्थ वायर गेली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती दिव्यापर्यंत येते आणि कापून गुंडाळून ठेवलेली असते. फिटिंग झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे कवच शाबूत आहे का हे मोजणाऱ्या यंत्राने) तपासावे आणि वाचन १ मेगाओहमच्या वर यावे. मेगर लावण्याआधी एलईडीचे दिवे सोडवून ठेवावेत, नाहीतर ड्रायव्हर जातात.

हे सगळे परवानाधारक माणसाने करायचे काम आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला परवाना लागत नाही. पण छतात नवा पॉइंट ओढणे, नवे सर्किट घेणे हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम सांगतात. सीलिंगवाल्याच्या हाताखालचा पोरगा “वायर मीच सोडतो, वेगळे पैसे नकोत” म्हणतो, तेव्हा त्यातून मालकाचे पैसे खरे वाचत नसतात. आमच्या काही वायरमन भावांनीही घाईत असे काम केलेले मी पाहिले आहे, हे मला दुःखाने लिहावे लागते. पडत्या दराच्या स्पर्धेत प्रत्येक जण वायरवर आणि वेळेवर काटछाट करतो. त्याला मालकांनी साथ देऊ नये.

गाळे बांधून विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्लॅब ओततानाच थोडे जास्तीचे पाइप आणि डबे टाकून ठेवा, आणि ताबा देताना त्यांचा नकाशा गाळेधारकाला द्या. पुढची चाळीस वर्षे लोकांना स्लॅब फोडावा लागणार नाही. औद्योगिक वसाहतींतल्या संघटना खंडेनवमीच्या आधी सभासदांना पत्रक पाठवतात. त्यात सीलिंगच्या आधी फिटिंग, एवढी एक ओळ तरी घालावी.

आणि मालकांनी काम संपताना वायरमनकडून एक कागद मागून घ्यावा. त्यावर गाळ्याचा साधा नकाशा, प्रत्येक दिव्याला क्रमांक, तो कुठल्या सर्किटवर आणि कुठल्या फेजवर आहे, डबे कुठे आहेत आणि मेगरचे वाचन किती आले, एवढे लिहिलेले असावे. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवावा. हा कागद द्यायला वायरमन कुरकुर करत असेल तर तो मिळेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नका.

आपला,
एक परवानाधारक वायरमन, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)